धातूची पावडर सांडल्यावरची पहिली तीस मिनिटं : बुटीबोरीतल्या मॉक ड्रिलचा माझा अनुभव

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दोन पावडरी येतात. एक शिशाचा लाल ऑक्साईड, २५ किलोच्या पिशव्यांत. मारुतीला फासतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे हाच. दुसरी बारीक निकेल पावडर, सीलबंद ड्रममध्ये. शिशाचा ऑक्साईड पेटत नाही, पण अंगात साठतो. निकेल त्वचेला आणि फुप्फुसाला वाईट, शिवाय ढग होऊन उडालं आणि ठिणगी मिळाली तर पेटतंही. दोन्हींसाठी एकच आपत्कालीन आराखडा चालत नाही, हे कागदावर सगळ्यांना पाठ असतं.

घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे ऑन-साइट, म्हणजे कारखान्याच्या आवारापुरत्या, आपत्कालीन आराखड्याची मॉक ड्रिल (रंगीत तालीम) दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. आमच्याकडे ती व्हायची ती अशी : सायरन, असेंब्ली पॉइंटवर हजेरी, फोटो, चहा. या खेपेला आम्ही खरोखर पावडर सांडली, पण निरुपद्रवी, नकली. खडूची भुकटी चार भाग, कपडे धुण्याची पावडर एक भाग, दोन्ही मिक्सरमधून काढून पाच किलो मिश्रण. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे रसायन असतं ते अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर चमकतं, म्हणजे पावडर कुठे कुठे गेली ते नंतर दिसतं. फोर्कलिफ्टचा दात पिशवीत घुसला असं समजायचं, कारण पिशव्या फाटतात त्या बहुतेक तशाच. मैदा मात्र या कामाला वापरू नका, तो स्वतःच स्फोटक धूळ आहे.

आधी एक हिशेब, कारण घाई का करायची नाही ते त्यात आहे. शिशाच्या धुळीची आपल्याकडे वापरली जाणारी मर्यादा आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला ०.१५ मिलिग्राम. १० बाय १० मीटरचं, ५ मीटर उंच शेड म्हणजे ५०० घनमीटर. एवढ्या हवेत ७५ मिलिग्राम शिसं तरंगलं की मर्यादा गाठली. म्हणजे चिमूटभरही नाही, आणि पिशवीत आहे २५ किलो. जमिनीवर पडलेला ढीग मात्र गप्प असतो. त्याला हवेत चढवतो तो झाडू, पंखा, कॉम्प्रेसरची हवा आणि धावणारा माणूस.

आमच्या ड्रिलमध्ये पहिला धक्का कुलरने दिला. एप्रिलचे दिवस, पारा ४३ वर, शेडच्या दारात मोठा डेझर्ट कुलर. पिशवी फाटली, सगळे बाहेर पळाले, कुलर चालूच. “भाऊ, कुलर बंद करू का?” म्हणत हेल्पर आत निघाला, तोही पांढऱ्या थरावरून चालत. बटण कुलरच्या अंगावरच होतं. आता शेडमधले सगळे पंखे आणि कुलर बाहेरच्या भिंतीवरच्या एका एमसीबीवर (मुख्य स्विचवर) घेतले आहेत. निकेलच्या बाबतीत तर ढगात उभं राहून कुठलंच बटण दाबायचं नाही. बॅगहाऊस (शेडमधली धूळ ओढून कापडी पिशव्यांतून गाळणारी यंत्रणा) आणि त्याचा ब्लोअर वेगळ्या लाइनवर ठेवला आहे. नुसतं सांडलं असेल तर तो चालू राहू द्यायचा, ओढतोय ते बरंच आहे. आग दिसली की तो आधी बंद, नाहीतर ठिणगी डक्टमधून थेट फिल्टरपर्यंत जाते.

दोरी सगळ्या बाजूंनी २५ मीटरवर बांधतो. बाहेर पडायचं ते वाऱ्याला आडवं, वाऱ्याच्या दिशेने नाही. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) गेटवरून दिसायला हवा. आमचा पत्र्याच्या आड होता. वावधन सुटलं की सगळी दिशाच बदलते, म्हणून एक माणूस फक्त विंडसॉककडे बघायला ठेवतो.

आत कुणी अडकलं नसेल आणि आग नसेल, तर अर्धा तास कुणीही आत जात नाही. १० मायक्रॉनचा शिसे-ऑक्साईडचा कण दोन मीटर खाली यायला एक-दीड मिनिट घेतो. १ मायक्रॉनचा कण स्थिर हवेतही दीड-दोन तास तरंगत राहतो. म्हणून अर्ध्या तासाने जाड माल बसलेला असतो, बारीक नाही, आणि मास्क तरीही काढायचा नाही. साफसफाईच्या टोळीला फुल-फेस मास्क, पी३ (सर्वांत बारीक धूळ अडवणारा) फिल्टर, धुळीसाठीचा टाइप ५ सूट, दोन जोड नायट्राइल हातमोजे. मनगट आणि घोटा टेपने बंद, टेपचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे काढताना सापडतं. दाढी असेल तर मास्क बसत नाही, त्यात वाद नाही. आमचा एक जण दाढीसकट मास्क घालून उभा होता आणि पट्टे ओढून ओढून घट्ट करत होता.

नागपूरच्या उन्हाळ्यात खरा शत्रू सूट आहे. टाइप ५ मध्ये घाम जिरत नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही आतला वेळ २० मिनिटांवर बांधला आहे, मग सावलीत तेवढीच विश्रांती, ओआरएस, मानेवर ओला टॉवेल. आत जाण्याआधी नाडी आणि बीपी बघतो. आगीसाठी श्वसनयंत्र लागतं. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरून पुस्तकात ४५ मिनिटं येतात, पण धावपळीत माणूस ६० लिटर खातो, म्हणजे ३० मिनिटं. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, तिच्याआधी बाहेर निघालेलं असायचं. म्हणून काम २० मिनिटांचंच धरायचं.

गोळा करण्याची पद्धत पावडरीवर ठरते. शिसे-ऑक्साईड आधी भिजवायचा. कापसावर फवारायचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप (नवा कोरा, औषध मारलेला नाही), त्यात पाणी आणि दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड, कारण कोरडी पावडर साधं पाणी लवकर पीत नाही. नोजल वर करून फवारा वरून पडू द्यायचा. धार ढिगावर मारली तर ढीग उडतो. ड्रिलमध्ये पहिल्या दहा सेकंदांत तेच झालं. भिजलेला माल प्लास्टिकच्या सुपड्याने काठाकडून मध्याकडे. उरलेलं एच-क्लासच्या हेपा व्हॅक्यूमने, म्हणजे घातक बारीक धूळही आत अडवणाऱ्या व्हॅक्यूमने. साधा व्हॅक्यूम नको, तो जाड माल पिशवीत ठेवतो आणि बारीक माल मागून बाहेर फेकतो. निकेलला स्फोट-सुरक्षित, अर्थिंग केलेला, अँटिस्टॅटिक होजचा व्हॅक्यूमच हवा. पाणी चालेल का ते प्रत्येक मालाच्या एसडीएसमध्ये (मालासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात) भाग ५ आणि ६ मध्ये बघायचं. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असेल तर पाण्याने हायड्रोजन निघतो. आणि ॲल्युमिनियम पावडर शिसे-ऑक्साईडच्या शेजारी ठेवायचीच नाही, दोघांचं मिश्रण पेटलं तर थर्माइटसारखं, म्हणजे प्रचंड धगीने जळतं.

फवारण्याआधी गटारांची तोंडं झाकायची. आम्ही रबरी चटई आणि वर वाळूची पोती ठेवतो. धुण्याचं पाणी संपमध्ये (जमिनीतल्या साठवण टाकीत), नाल्यात नाही; नाला पुढे वेणा नदीला मिळतो.

निकेलला आग लागली तर पाणी, फेस, सीओटू, एबीसी पावडर यातलं काहीच नाही. सीओटू आणि एबीसीचा जोर पावडर उधळतो, आणि उधळलेला ढग धगीवर पेटला की झाला स्फोट. क्लास डी, म्हणजे धातूच्या आगीसाठीचा, एक्स्टिंग्विशर लांब नळीने, हळू सोडायचा. नाहीतर लांब दांड्याच्या सुपड्याने कोरडी वाळू काठापासून आत टाकत जायची, फेकायची नाही. थर बसला की त्याला हात लावायचा नाही. खाली तासन्‌तास धग राहते, कुणीतरी बघायला म्हणून कवच फोडतो आणि पुन्हा पेटतं. वाळू कोरडी हवी ही अट साधी वाटते. भिंतीवरच्या लाल बादल्या आम्ही उलट्या केल्या तर वाळू गोळ्यागोळ्याने पडली. वरच्या थरात खर्र्याच्या पिचकाऱ्या, खाली ओल. आता २०० लिटरचा झाकणाचा ड्रम, आत भाजून थंड केलेली वाळू.

आग कॅडमियम प्लेटिंग असलेल्या भागांपाशी असेल तर वेगळी काळजी. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो आणि दीड-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमचा धूरही सुरुवातीला तसाच वाटतो, मग फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही घरी पाठवायचं नाही, दवाखान्यात निगराणीखाली ठेवायचं.

टोळी बाहेर आली की कपडे काढण्याचा क्रम : मास्क तोंडावर ठेवून सूटवर व्हॅक्यूम, मग ओल्या फडक्याने पुसणं, टेप, वरचे हातमोजे, सूट आतला भाग बाहेर येईल असा गुंडाळत, बूट, सर्वांत शेवटी मास्क आणि आतले हातमोजे. झटकायचं नाही, हवेची नळी लावायची नाही. मग साबण आणि पाणी. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं धुणं.

हे सगळं झाल्यावर आम्ही दिवे घालवून टॉर्च फिरवली. शेड बऱ्यापैकी स्वच्छ होतं. चमकत होती बायोमेट्रिक मशीनची काच, वॉटर कुलरचा नळ, फर्स्ट-एड पेटीचं हँडल आणि एकाच्या खिशातली खर्र्याची पन्नी. खर्रा हातानेच घोटतात, त्याच बोटांनी तोंडात टाकतात. शिसं पोटात जायला यापेक्षा सोपा रस्ता नाही. दुसऱ्या ड्रिलला दोरीच्या बाहेरच खर्रा, मोबाईल, पाण्याची बाटली टाकायला ट्रे ठेवला, आणि आत काम करणाऱ्यांची हजेरी कागदावर घेतली. टॉर्चखाली मग फक्त एका बुटाचा तळ चमकला.

धूळ झाली की गूळ आणि दूध वाटायची पद्धत आहे. दुधाला माझा विरोध नाही, पण गुळाने शिसं निघत नाही, आणि न धुतलेल्या हाताने गूळ खाणं म्हणजे उलटंच. ज्याच्या अंगावर माल पडला त्याच्या रक्तातल्या शिशाची तपासणी. हात साबणाने धुतल्यावरच रक्त काढायचं, नाहीतर त्वचेवरचं शिसं सुईबरोबर नमुन्यात जातं आणि आकडा खोटा मोठा येतो. कपडे घरी न्यायचे नाहीत, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. उलटी करवायची नाही. शिसं उतरवणारी औषधं डॉक्टरांनी आकडा बघून द्यायची, आधीच खबरदारी म्हणून नाहीत.

गोळा केलेला माल, सूट, फडकी, व्हॅक्यूमचे फिल्टर, सगळं जाड पॉलिथिनच्या दुहेरी पिशव्यांत. पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन ते खाली दुमडून बांधायचं. आतली हवा दाबून काढायची नाही, ती हवा म्हणजेच धूळ. मग ड्रम आणि लेबल. २०१६ च्या घातक कचरा नियमांत साठवणीला ९० दिवस आणि पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा नोंदीचा कागद) लागतं. बुटीबोरीतच सामायिक घातक कचरा प्रकल्प असल्याने वाहतूक लांब नाही, पण मॅनिफेस्ट तरीही भरायचंच. शेड पुन्हा चालू करण्याआधी पृष्ठभागाचे पुसून घेतलेले नमुने आणि हवेचे नमुने. डोळ्याला स्वच्छ दिसलं म्हणून चालू करत नाही.

नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, एनडीआरएफची अकादमी आहे, त्यामुळे फोन केला की खास गाडी येईल असा पुष्कळांचा समज. फोन १०१ किंवा ११२ ला लागतो आणि आधी येतो जवळचा पाण्याचा बंब. पहिला अर्धा तास आपलाच. बंबाच्या प्रमुखाला गेटवरच लॅमिनेट केलेला एक कागद द्यायचा : मालाचं नाव मराठीत, यूएन क्रमांक (घातक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, एसडीएसचा भाग १४), किती किलो, कुठल्या खोलीत, पाणी चालेल की नाही, गटाराची तोंडं कुठे. ‘पाणी नको’ हे शब्द मोठ्या लाल अक्षरांत, कागदाच्या दोन्ही बाजूंना. आमच्या ड्रिलमध्ये तो कागद सेफ्टी ऑफिसच्या कपाटात होता, आणि सेफ्टी ऑफिस दोरीच्या आत.