ओढायला डिझेलच: आमच्या टोचन सेवेची वाटचाल

जुना सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आताचा 44. या हायवेवर यवतमाळ जिल्ह्यातल्या वडकी ते पांढरकवडा पट्ट्यात गाडी बंद पडली की ओढून न्यायला आमचा नंबर फिरतो. धंदा भागीदारीत सुरू झाला. भागीदार मावसभाऊच, नाव लिहीत नाही, पट्ट्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एक सेकंडहँड बोलेरो पिकअप, वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला टोचन रॉड, दोन डी-शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि तीन टनाची चेन कप्पी, म्हणजे हातानं साखळी ओढून वजन खेचायची कप्पी, एवढंच भांडवल. ती कप्पी आजही गाडीत आहे. मागाहून विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, घेतली, पण काळ्या मातीत ॲक्सलपर्यंत रुतलेला ट्रॅक्टर बाभळीच्या बुंध्याला कप्पी लावून जसा सावकाश, न ओरबाडता निघतो, तसा विंचनं निघत नाही. साखळीला ऑइल मात्र वेळेवर द्यावं. आजकालची पोरं देत नाहीत.

पहिली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2020 च्या मार्चमध्ये हायवे बंद झाला. गाड्याच नाहीत तर बंद कोणती पडणार? हैदराबादकडून उत्तरेला पायी निघालेली माणसं तेवढी दिसत. ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सवलत मिळाली, व्याज मात्र चढतच राहिलं. गाडी विकायला काढली होती. तेव्हा राळेगावकडचे काकाजी आले. त्यांचा स्वतःचा कापूस घरात पडून, खरेदी केंद्रावर नंबर लागत नव्हता. तरी पुढच्या हंगामाच्या टोचनचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती करतो म्हटलं तर म्हणाले, "राहू दे बाप्पा, ट्रॅक्टर फसल्यावर फोन उचलजो म्हंजे झालं."

त्यातून उठतो न उठतो तोच भांडण उभं राहिलं. 2021 मध्ये डिझेल शंभरीला टेकलं. भाऊ म्हणे, दुसरी गाडी गॅसवरची, म्हणजे सीएनजीची, घेऊ. शोरूमवाल्यानं किलोमीटरला किती पैसे पडतात याचा कागद करून दिला होता, तो खिशात घेऊनच फिरायचा. मी म्हटलं, टोचनचा हिशेब किलोमीटरवर नसतो, पहिल्या दहा फुटांवर असतो. आमच्या 2523 सीसी डिझेलला 195 न्यूटनमीटरची ओढ मिनिटाला 1400 फेऱ्यांतच मिळते. क्लच हळूच सोडला की वजन हलतं. गॅसच्या गाडीचं इंजिन मुळात पेट्रोलचंच, आणि लहान पेट्रोल इंजिनाला तेच करायला रेस द्यावी लागते, मग क्लच प्लेटचा वास येतो. त्यात गॅस इंजिनात जाताना हवेची जागा खातो, म्हणून सीएनजीवर ताकद आणखी उतरते. शिवाय टाकी मोठी, आणि तेव्हा गॅस भरायला नागपूर गाठावं लागे. सीएनजी गाडी वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. भाजीपाला, दूध, किराणा वाहायला खुशाल घ्या.

त्याला पटलं नाही. वेगळा झाला, गॅसची पिकअप घेतली आणि फाट्यावर आमच्या बोर्डासमोरच बोर्ड लावला. दर आमच्यापेक्षा कमी. एका विमा कंपनीचं काम आमच्याकडे होतं, तेही तिकडे गेलं. त्यासाठी कोणाला काय सांगितलं ते मला कळलेलं आहे, इथे लिहीत नाही. 2022 च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला, देशात सगळ्यात महाग. मग त्याची गाडी पेट्रोलवरच पळू लागली. धंदा बुडाला असता तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण बुडाला नाही. डांबरी सडकेवरच्या अल्टो, वॅगन-आर ओढतो, त्या कामाला त्याची गाडी पुरते. लग्नकार्यात भेटला की अजूनही म्हणतो, "भाऊ, तुयी गाडी लय धूर सोडते."

काकाजींनाही त्यानं कमी दर सांगितला होता. त्यांनी विचारलं, "स्वस्ताचा दोर तुटला तं जीव कोनाचा जाईन?" त्यांचा ट्रॅक्टर अजून आम्हीच काढतो.

आता आमची नवी गाडी बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, आहे आणि तिचा वेगळाच जाच. एका जागी उभी ठेवून विंच चालवली की डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीत, काजळी साचते. म्हणून काम झालं की तिला हायवेवर एक दौड द्यायची, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागायची वाट पाहायची नाही. आणि रिकाम्या पिकअपनं ओढू नका, मागची चाकं जागीच फिरतात. मागच्या ॲक्सलवर रेतीची चार चुंगडी (पोती) टाका. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त दोर सोडू नका, नियमही तोच आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंगवर जाणता माणूस बसवा, इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो.

रात्रीही फोन लागतो. दर फोनवरच ठरवून घ्या, आम्ही पोचल्यावर रस्त्यात उभं राहून घासाघीस करू नका.