खाटांचा हिशेब

शेजारच्या काकूंच्या मुलाला आज नागपूरच्या मनोरुग्णालयात भरती करायचे होते. खाट मिळेपर्यंत दुपार टळली, पण काकूंनी त्याचा हात क्षणभरही सोडला नाही.

इटलीने १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालये बंद करण्याचा मार्ग धरला, तसाच आपणही धरावा, असे मी आजवर आग्रहाने मांडत आलो. परंतु तीव्र आजारात काही दिवसांसाठी खाट लागतेच, आणि नागपुरात ती विदर्भातल्या दूरच्या गावांनाही पुरवावी लागते; म्हणून खाटा वाढवाव्यात, हे आता मलाही पटते. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १९ स्पष्ट सांगते की, केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. बऱ्या झालेल्यांसाठी पुनर्वसनगृहेच नसतील, तर नव्या खाटाही अडकूनच राहतील. उद्या काकूंचा डबा मी नेणार आहे.