चित्राचे पैसे वेगळे

स्क्रीन प्रिंटिंगचा, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईचा, भाव विचारताना मुंबईतले गिऱ्हाईक कधीही अडखळत नाही. नग किती, रंग किती, कापड कोणाचे आणि माल कधी मिळणार, एवढे बोलणे झाले की दर सांगता येतो आणि त्यावर मनसोक्त घासाघीसही करता येते. चित्राचा विषय निघाला की मात्र तेच गिऱ्हाईक चकित होते, कारण चित्र ही छपाईबरोबर आपोआप येणारी गोष्ट आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मी चित्रेही काढते आणि वडाळ्याच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या छपाईवाल्यांसोबत भाड्याने घेतलेल्या गाळ्यात ती स्वतः छापतेही, त्यामुळे हा गोंधळ माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. ज्या चित्रकाराची छपाई दुसरीकडे होते त्याचे बिल तरी निव्वळ चित्राचे असते. माझ्या बिलावर दोन ओळी असतात, पहिली चित्राची आणि दुसरी छपाईची, आणि त्यांतली पहिली खोडण्याची विनंती ठरलेली असते.

आषाढ सरत आला की गोविंदा पथकांच्या आणि त्यापाठोपाठ गणेशोत्सव मंडळांच्या टी-शर्टांची कामे येऊन पडतात, आणि पुढचे काही आठवडे स्क्रीनवाल्यांना मान वर करायला सवड मिळत नाही. मंडळाचे कार्यकर्ते बोलायला अतिशय गोड असतात आणि “ताई, डिझाइन तर तुम्हीच करणार ना, मग त्याचे वेगळे पैसे कसले?” हा प्रश्नही त्याच गोडव्याने येतो. टी-शर्टाच्या पाठीवर पुरस्कर्त्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो असतो आणि तो कुठे, केवढा असावा याविषयी कोणतीही घासाघीस चालत नाही. (हा फोटो हल्ली डीटीएफ पद्धतीने फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवला जातो, त्यामुळे त्याच्या असंख्य छटांची काळजी निदान मला करावी लागत नाही.) पुढच्या बाजूचे चित्र आणि पथकाचे नाव स्क्रीनने छापायचे, कारण नग शेकड्यांनी असले की स्क्रीन अजूनही स्वस्त पडते.

रंगागणिक दर का वाढतो हे समजावताना मात्र दमछाक होते. प्रत्येक रंगाची फ्रेम (जाळी ताणलेली चौकट) वेगळी, तिची मांडणी वेगळी आणि प्रत्येक नगावर त्या रंगाचा हात वेगळा मारावा लागतो. त्यात काळा टी-शर्ट अंगावर उठून दिसतो म्हणून बहुतेकांना काळाच हवा असतो, आणि काळ्या कापडावर पिवळा किंवा केशरी थेट छापला तर तो मळकट दिसतो. आधी खाली पांढऱ्याचा थर द्यायचा, तो हाताला लागणार नाही इतका सुकवायचा, मग त्यावर नेमका बसेल असा रंग छापायचा आणि शेवटी प्लास्टिसॉल, म्हणजे तापवल्यावरच पक्की होणारी शाई असेल तर सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ती पक्की करायची. नाहीतर दहीहंडीच्या पहिल्याच पाण्यात चित्राला भेगा पडायला सुरुवात होते. दोन रंगांचे काम काळ्या कापडावर तीन फ्रेमचे होते ते असे.

स्क्रीनचे शास्त्र तसे साधे आहे. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदनशील इमल्शनचा पातळ थर द्यायचा, तो अंधारात वाळवायचा, त्यावर काळ्या शाईतली पॉझिटिव्ह फिल्म ठेवून अतिनील प्रकाश द्यायचा. जिथे प्रकाश पडतो तिथे थर टणक होतो, काळ्या शाईच्या आड तो विरघळण्याजोगा राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. कापडाला सेंटिमीटरमागे ४३ ते ५५ धाग्यांची जाळी पुरते, कागदावर बारीक रेघ हवी असेल तर ९० ते १२० धाग्यांची लागते. एवढे कोणीही शिकवू शकते. मुंबईत मात्र हवामानाचा हिशेब त्यात धरावा लागतो. ऐन पावसात इमल्शनचा थर वरून कोरडा आणि आतून ओला राहतो, बोट लावून ते कळत नाही, आणि प्रकाश देऊन झाल्यावर धुताना नाजूक रेघांच्या कडा सुटून मोरीत वाहून जातात. म्हणून आमच्या गाळ्यात पत्र्याच्या एका जुन्या कपाटात हवेतली ओल शोषणारे यंत्र बसवले आहे आणि पावसाळ्यात त्या कपाटात जागा मिळवण्यावरून भाडेकरूंमध्ये जे राजकारण चालते ते महापालिकेच्या तोडीचे असते. मे महिन्यात त्रास उलट असतो. पाण्यावर आधारित शाई जाळीतच वाळून छिद्रे बुजतात, त्यामुळे घामाच्या धारा लागल्या तरी छपाईच्या टेबलावर पंखा सोडता येत नाही.

कागदाचे दुखणे आणखी वेगळे आहे. दमट हवेत कागद फुगतो, आणि तोही तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक, म्हणून कोरड्या दुपारी छापलेला पहिला रंग आणि पावसाच्या सकाळी छापलेला दुसरा रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. त्यावर उपाय म्हणून कागदाचे गठ्ठे आधीच उघडून गाळ्याच्या हवेत मुरू द्यायचे आणि शक्यतो सगळे रंग सलग उरकायचे. पण खरा उपाय चित्र काढतानाच करावा लागतो. शेजारी येणारे दोन रंग मी एकमेकांवर थोडे चढू देते. निळी शाई पारदर्शक ठेवली तर पिवळ्यावर पडून ती हिरवी होते आणि दोन फ्रेममध्ये तीन रंग मिळतात. माझ्या चित्रांत झाडांची पाने बाह्यरेषेबाहेर सांडलेली दिसतात, चेहऱ्यांवर छटा नसतात आणि सावल्या सपाट असतात, ही शैली आहे असे लोक म्हणतात तेव्हा मी नाकारत नाही, पण तिचा अर्धा जन्म या हिशेबातून झालेला आहे. म्हणूनच चित्र आणि छपाई यांचे पैसे एकत्र धरावेत हा गिऱ्हाइकाचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा वाटतो.

तो मला मान्य नाही, कारण दोन्हींचा व्यवहारच निराळा आहे. छापलेला टी-शर्ट दिला की तो गिऱ्हाइकाचा झाला. चित्राच्या बाबतीत मी देते तो वापर, आणि तो किती, कुठे व किती काळ हे ठरवावे लागते. पथकाच्या टी-शर्टासाठी काढलेले चित्र पुढच्या वर्षी बॅनरवर, मग स्मृतिचिन्हावर आणि शेवटी पुरस्कर्त्याच्या दिनदर्शिकेवर दिसते, यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. पैसे दिले म्हणजे चित्र आपले, असे सगळ्यांनाच वाटते. १९५७ चा कॉपीराइट कायदाही इथे सावध राहायला लावतो. त्याच्या १७व्या कलमानुसार मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या पेंटिंग किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. म्हणजे गप्प बसण्याचा तोटा चित्रकाराच्या पदरात पडू शकतो. याउलट १९वे कलम चित्रकाराच्या बाजूचे आहे: हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवे, मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. हक्क दिल्यावरही चित्रावर आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा अधिकार ५७व्या कलमाने चित्रकाराकडे राहतो. माझ्या अंदाजपत्रकाच्या तळाशी चित्र कशासाठी, किती काळासाठी आणि हक्क कोणाकडे हे साध्या मराठीत लिहिलेले असते, आणि त्याखाली सही झाल्याशिवाय मी स्क्रीनला इमल्शन लावत नाही.

आपल्याकडे चित्रकारांनी छपाई हातात घेण्याची परंपरा जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि आर्थिक ओढाताणीत अखेर विकून टाकला. त्यांची चित्रे घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचली, पण छापखाना चालवणे हे चित्र काढण्याहून वेगळे कसब आहे हे त्या व्यवहारातून कळते. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ हा अंक सुरू केला तेव्हा दुसऱ्यांच्या अंकांना मुखपृष्ठे देणारा चित्रकार स्वतः प्रकाशक झाला, आणि हे पाऊल मला त्यांच्या कोणत्याही मुखपृष्ठाइतकेच महत्त्वाचे वाटते. माझी झेप अर्थातच एवढी नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या सुमारास मर्यादित प्रती छापून, खाली पेन्सिलने क्रमांक आणि सही घालून विकायच्या, एवढाच माझा प्रकाशनव्यवसाय. तिथे छपाई, चित्र आणि हक्क यांचा वाद उद्भवत नाही, “फ्रेमसकट केवढ्याला?” एवढाच प्रश्न येतो.

वसुलीविषयी थोडक्यात. कंपन्या चित्राच्या मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतात आणि छपाईचे काम कंत्राट धरले तर व्यक्तीसाठी १ टक्का, म्हणून दोन ओळी वेगळ्या ठेवण्याचा हाही एक उपयोग आहे. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते आणि ती केलेली बरी, कारण २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून वजा दाखवता येत नसल्याने कंपन्यांचे हिशेबनीस मार्च महिन्यात स्वतःहून फोन करू लागले आहेत. मंडळांकडून मी निम्मी रक्कम आगाऊ घेते. दिवाळी अंकांच्या संपादकांना मात्र यांतले एकही कलम मी आजवर दाखवलेले नाही. त्यांचे मानधन तुटपुंजे असते आणि पुष्कळदा तुळशीच्या लग्नानंतर येते, पण मुखपृष्ठाचे चित्र त्या एका अंकापुरतेच घ्यायचे आणि मूळ चित्र परत करायचे ही गोष्ट त्यांना कधी समजावून सांगावी लागलेली नाही.