पाण्यासारखी लघवी

आजी आमच्या आयसीयूत आल्या तेव्हा सोडियम १०८ होतं. हवं १३५ ते १४५. चार दिवस उलट्या, दोन दिवस असंबद्ध बोलणं आणि कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरच फिट.

फिट आवरायला थ्री परसेंट सलाइन, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन, १५० मिली, वीस मिनिटांत. साध्या नॉर्मल सलाइनमध्ये लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं, यात ५१३. पण आतलं पाणी दोन्हींत सारखंच नितळ आणि घाईत हाताला दोन्ही बाटल्या सारख्याच लागतात. म्हणून आम्ही थ्री परसेंटची बाटली वेगळ्या कप्प्यात लाल पट्टी लावून ठेवतो आणि दोघींनी लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय लावत नाही. घाईच्या वेळी डॉक्टर यावरून वैतागतात. वैतागू देत.

फिट थांबली. सोडियम १११. सरांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, ऑर्डर शीटवर लिहिलं: उद्या संध्याकाळी सातपर्यंत ११६ च्या वर नको.

बाहेर आजींचा मुलगा विचारत होता, "सिस्टर, मिठाचं पाणी पाजू का?" सोडियम कमी म्हणजे मीठ कमी पडलं, असंच सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा शरीरात पाणी जास्त झालेलं असतं आणि त्यात सोडियम पातळ झालेलं असतं. पाणी पेशींत शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात आणि कवटी काही मोठी होत नाही. मग एक-दोन दिवसांत त्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून पुन्हा आकारात येतात. म्हणून हळूहळू उतरलेलं सोडियम माणूस बराच काळ सोसतो. पण एकदा का मेंदूने असं जमवून घेतलं, की बाहेरचं सोडियम झपाट्याने वाढवणं घातक. पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मेंदूच्या देठात मज्जातंतूंवरचं आवरण सोलवटतं. बोलणं, गिळणं, हातपाय, सगळं जाऊ शकतं. तेही लगेच नाही, दोन ते सहा दिवसांनी. तोवर रिपोर्ट नॉर्मल बघून घरचे निर्धास्त झालेले असतात.

आजींचं पोटॅशियमही कमी, २.८ होतं. अशा पेशंटला हा धोका आणखी जास्त. शिवाय पोटॅशियम भरलं की सोडियमही आपसूक वर सरकतं. हिशेबात हे बरेच जण धरत नाहीत.

रात्री एकला सोडियम ११३. नॉर्मल सलाइन हळू चालू. लघवी तासाला तीस-चाळीस मिली, गडद पिवळी. तीनला युरोमीटर (तासातासाची लघवी मोजायचा डबा) बघितला तर २८० मिली. रंगच नाही, नळाच्या पाण्यासारखी. मी रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरला फोन केला. "सिस्टर, किडनी छान चालतेय. सहाला सॅम्पल आहेच ना?" रेसिडेंट हुशार आहे, पण छत्तीस तास जागा होता. आणि लघवी भरपूर म्हणजे चांगलं, हे आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

इथे ते उलटं असतं. उलट्यांनी शरीर कोरडं पडलं की पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन जोरात सुटतं. सलाइनने ती तहान भागली की हॉर्मोन एकदम बंद आणि किडनी नुसतं पाणी सोडायला लागते. पाणी गेलं की सोडियम आपोआप चढतं, बाटलीतून काहीही न देता. लॅबच्या रिपोर्टआधी ते युरोमीटरमध्ये दिसतं.

चारला ३५०. मी सहाची वाट बघितली नाही. ज्या हाताला ड्रिप नव्हती त्या हातातून रक्त घेतलं (ड्रिपच्या हातातलं रक्त खोटं बोलतं) आणि युनिटमधल्याच गॅस मशीनवर (रक्त लगेच तपासणाऱ्या) लावलं. ११६. चोवीस तासांचा कोटा नऊ तासांत संपला होता आणि लघवी थांबत नव्हती. मी थेट सरांनाच उठवलं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: सलाइन बंद, फाइव्ह परसेंट डेक्स्ट्रोज (सोडियम नसलेलं साखरेचं पाणी) सुरू, डेस्मोप्रेसिन (त्याच पाणी धरणाऱ्या हॉर्मोनसारखं औषध) २ मायक्रोग्रॅम शिरेतून. ११७ पर्यंत जाऊन दुपारी ते ११५ वर आलं.

तो रिपोर्ट बघून आजींचा मुलगा भडकला. "वाढलेलं परत कमी केलंत?" त्याच्या जागी मीही भडकले असते. वाढ थोडी मागे खेचणं हाच उपचार होता, हे समजावायला मला अर्धा तास लागला. नंतरचे दिवस मी ड्यूटीवर आले की आधी आजींना बोलतं करायची, पाण्याचा घोट नीट गिळतात का बघायची, माझी बोटं दाबायला लावायची. काही झालं नाही.

कारण सापडलं औषधांच्या पिशवीत. बीपीसाठी दोन आठवड्यांपूर्वी क्लोरथॅलिडोन सुरू झालेलं. चांगलं औषध आहे, पण वय झालेल्या बायकांमध्ये सोडियम पाडतं आणि गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त बघायला हवं होतं. कोणीतरी मीठ पूर्ण बंद करायला सांगितलेलं, आणखी कोणीतरी दिवसाला चार लिटर पाणी. आजींनी तिन्ही गोष्टी मनापासून पाळल्या. या तिघांपैकी कोणी बाकीच्या दोघांचं ऐकलं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

दुसरा विचार वॉर्डचा. आमच्याकडे रात्री दोन बेडना एक सिस्टर आणि मशीन हाताशी. वॉर्डमध्ये तीस पेशंटना एक, युरोमीटर नाही, बॅग सकाळी रिकामी करायची. तिथे असा पेशंट असेल तर ऑर्डर शीटवर एक ओळ छापलेली असावी: लघवी तासाला १०० मिलीच्या वर गेली तर लगेच कळवा आणि सोडियम पाठवा. तसा अर्ज मी मेट्रन मॅडमकडे दिला आहे. त्या म्हणाल्या, पुढच्या मीटिंगला घेऊ. मी त्या मीटिंगला स्वतः जाणार आहे, आजींचा चार्ट घेऊन.