आमची वाटचाल : ‘द्य’चा ‘द्ध’ झाला तेव्हा

कुमारवयीन वाचकांसाठी रहस्यकादंबऱ्या, त्याही गावाकडच्या, एवढंच आम्ही छापतो. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. हस्तलिखितं मी वाचायचो, छपाई-बांधणी भागीदार बघायचा. त्याची पोलादी पट्टी, कागद मोडायची हाडाची पट्टी आणि भिंग अजून माझ्या टेबलावर आहेत. भिंगाला मी कुणाला हात लावू देत नाही.

“खेड्यात कसलं रहस्य? तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं,” असं एक वितरक म्हणाला होता. अहो, मेख तिथेच तर आहे! अनोळखी माणूस वेशीवर दिसला की घराघरात कळतं. म्हणजे गुन्हा करणारा ओळखीतलाच, रोज ज्याला काका म्हणतो तोच असणार. चौदा वर्षांच्या वाचकाला याहून जास्त कशाची भीती वाटेल?

पहिली दोन पुस्तकं बरी गेली. तिसऱ्याने आम्हाला झोपवलं.

१७६ पानं, अकरा फर्मे (सोळा-सोळा पानांचे छापील ताव), ११०० प्रती. कथेचा सगळा डोलारा एका तिथीवर उभा होता. पान ३७ वर आजी सहज म्हणते, “आज वद्य अष्टमी.” पुढे साक्षीदार सांगतो, रात्री नऊला त्या माणसाला चांदण्यात बांधावरून जाताना पाहिलं. वद्य अष्टमीला चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास. नऊला चांदणं येणार कुठून? साक्षीदार खोटा पडतो आणि गाठ सुटते.

अक्षरजुळणीत ‘वद्य’चं ‘वद्ध’ झालं. शेवटचं प्रूफ मी वाचलं, रात्री, डोळे चोळत. ‘वद्ध’ दिसल्यावर हात शिवशिवला आणि मी लाल शाईने ठसठशीत ‘शुद्ध’ केलं. शुद्ध अष्टमीचा चंद्र रात्री नऊला पश्चिमेला चांगला वर असतो. साक्षीदार खरा ठरला आणि आमची हुशार नायिका खोटी.

फोन आला एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंचा. आमचं पहिलं पुस्तक सगळ्यात आधी त्यांनी मागवलं होतं, आणि तेव्हापासून दरवेळी पंचवीस प्रती ठरलेल्या. म्हणाल्या, “अहो, तुमचा साक्षीदार खरं बोलतोय की!” मी पंचांग उघडलं आणि खुर्चीत बसलो.

शुद्धिपत्र लावावं, तर “पान ३७ वर ‘शुद्ध’ऐवजी ‘वद्य’ वाचावे” म्हणजे उत्तरच वाचकाच्या हातात! भागीदाराने उपाय काढला. गठ्ठे परत मागवले, ते पान मुळाशी बारीक पट्टी ठेवून कापलं आणि नवं छापलेलं पान तिच्यावर डिंकाने चिकटवलं. हजाराहून जास्त वेळा. वितरकाने नेण्या-आणण्याचं भाडं आमच्या नावावर टाकलं, वर पुढची दोन बिलं अडकवून ठेवली. कागदवाल्याची उधारी तटली. टाळं लावायचं एवढंच बाकी होतं.

बाईंनी बदललेल्या पंचवीसही प्रती घेतल्या, आधीच्याही परत केल्या नाहीत. महिन्याभराने त्यांच्या एका विद्यार्थिनीचं कार्ड आलं: “३७-३८ हे पान चिकटवलेलं आहे. म्हणजे तिथेच काहीतरी आहे. मला उत्तर तिसऱ्या प्रकरणातच कळलं.” भागीदार पोट धरून हसला. मला हसू यायला वर्ष लागलं.

त्याच सुमारास एका बड्या प्रकाशकाने आमच्या लेखकाचे कान भरले, “यांना तिथी कळत नाही, मालिका आमच्याकडे द्या.” लेखक गेले. चौथं पुस्तक तिकडून निघालं, कागद झकास, मुखपृष्ठ चकचकीत. मलपृष्ठावरचा मजकूर वाचूनच चोर कोण ते कळतं. मी काही बोललो नाही. आज बोलतोय.

नंतरची वर्षं पुस्तकं निघत राहिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. भागीदार आता थकलाय, पण नवा फर्मा आला की वास घ्यायला येतोच.

नवोदितांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक असा की शोध घेणाऱ्याला सापडलेला धागा लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. तो पाळा. आणि हस्तलिखितासोबत एक तक्ता जोडा : कोणत्या दिवशी कोणती तिथी, चंद्र कधी उगवला, पाऊस होता का, कोण कुठे होतं. चिखलातलं पाऊल पावसाआधीचं की नंतरचं, हे लेखकालाच ठाऊक नसेल तर प्रूफ वाचणाऱ्याने काय करावं? आणि ‘द्य’-‘द्ध’ भिंगाखाली बघा, तेही सकाळी.

मध्यंतरी त्या लेखकांचा फोन आला. पुढचं पुस्तक तुमच्याकडे देऊ का, म्हणाले. म्हटलं, द्या. तक्त्यासकट द्या.