हँडलच्या लंडनमध्ये, राजांच्या मागावर

ब्रूक स्ट्रीटवरच्या २५ नंबरच्या घरात संगीतकार जॉर्ज फ्रेडरिक हँडल १७२३ साली भाड्याने राहायला आला आणि १७५९ मध्ये तिथेच वारला. शेजारच्या २३ नंबरात १९६८-६९ च्या सुमारास रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स राहायचा. आज दोघांचं मिळून एकच संग्रहालय आहे. ते पाहून मी पायीच वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चकडे निघालो.

वाटेत ग्रीन पार्क लागतं. इथे १७४९ मध्ये राजा दुसऱ्या जॉर्जने युद्धसमाप्तीची मोठी आतषबाजी केली. तिच्यासाठीचं संगीत हँडलचं. राजाला फक्त रणवाद्यं हवी होती, व्हायोलिन नकोच. हँडलला व्हायोलिन हवीच होती! मुख्य कार्यक्रमात लाकडी मंडपाच्या एका भागाला आग लागली. आज तिथे लोक गवतावर सँडविच खात लोळलेले असतात.

पुढे सेंट जेम्स राजवाडा. एरवी आत सोडत नाहीत, म्हणून लाल विटांचा दरवाजा बाहेरूनच न्याहाळला. खरी गंमत इथली आहे. हँडल मुळात जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या इलेक्टरचा, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचा, नोकर. रजा काढून लंडनला आला आणि इथेच रमला. ॲन राणीने वर्षाला २०० पौंडांचं मानधनही बांधून दिलं. १७१४ मध्ये राणी गेली आणि गादीवर कोण यावं? तोच हॅनोव्हरचा जुना धनी, पहिला जॉर्ज! रुसलेल्या राजाची समजूत काढायला हँडलने ‘वॉटर म्युझिक’ रचलं, अशी कथा सांगतात. मला ती पटत नाही. राजा लंडनला पोचल्यावर काही दिवसांतच याच राजवाड्याच्या चॅपलमध्ये (प्रार्थनागृहात) हँडलचं संगीत झालं होतं. ‘वॉटर म्युझिक’ वाजलं ती राजाच्या थेम्स नदीवरच्या नौकाविहाराची रात्र आली १७१७ च्या जुलैत. जवळपास ५० वादक दुसऱ्या नावेत होते आणि राजाने सगळं तीनदा वाजवून घेतलं. रुसवा असा तीन वर्षं राहतो का?

ॲबीचं तिकीट महाग आहे, पण इलाज नाही. दुसऱ्या जॉर्जच्या १७२७ मधल्या राज्याभिषेकासाठी हँडलने इथे ‘झेडॉक द प्रीस्ट’ हे समूहगीत सादर केलं. तेव्हापासून प्रत्येक राज्याभिषेकात ते गायलं जातं, २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्याही. चॅम्पियन्स लीगची धून त्यावरच बेतलेली आहे, त्यामुळे फुटबॉलवेड्यांना ती नकळत पाठ असते.

दक्षिणेकडच्या भागात त्याची कबर, शेजारी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची. वर शिल्पकार रुबियाकने घडवलेला हँडलचा पुतळा. हे स्मारक कुणा राजाची मेहेरबानी नव्हे. ॲबीत दफन व्हावं आणि स्मारकासाठी ६०० पौंडांपर्यंत खर्च करावा, हे हँडलने स्वतःच मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.