आमची वाटचाल: केवळ बेस गिटारसाठी एक कार्यशाळा

आमच्या कार्यशाळेत पहिली काही वर्षे सर्व प्रकारच्या गिटारची दुरुस्ती होत असे आणि बेस, म्हणजे खर्जाच्या स्वरांची गिटार, त्या कामात अधूनमधून, जवळजवळ अपवाद म्हणून येत असे. आलेला बेस बहुधा आधी कुठेतरी मोठ्या आकाराची गिटार समजून हाताळलेला असायचा: नटच्या (खुंट्यांजवळ तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा बारीक कानशीने वेड्यावाकड्या रुंदावलेल्या, पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे चुंबकी भाग) तारांना जवळजवळ टेकतील इतके वर घेतलेले आणि तारा खुंटीवर जेमतेम एक वेढा बसेल इतक्या आखूड कापलेल्या. अशी वाद्ये नीट करता करता रुंद खाचांच्या कानशी, लांब सरळपट्टी, मोठ्या मापाच्या षट्‌कोनी किल्ल्या अशी वेगळी हत्यारे जमत गेली, आणि एका टप्प्यावर माझ्या भागीदाराने व मी असे ठरवले की यापुढे फक्त बेसच हाती घ्यायचे. परिचितांना हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने आत्मघातकी वाटला, कारण वाद्यवृंदात गिटारवादक दोन असले तरी बेसवादक एकच असतो. ते गणित खरे आहे. मात्र मनासारखा कारागीर सापडला की बेसवादक सहसा दुसरीकडे जात नाही, हे त्या गणितात कोणी धरले नव्हते.

बेसला वेगळी वागणूक का लागते, हे आकड्यांवरून लगेच कळते. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, ४१.२ हर्ट्‌झला वाजते. गिटारच्या जाड ई तारेच्या ही बरोबर निम्मी कंपनसंख्या आहे. पाच तारांच्या बेसवरची बी तार तर ३०.९ हर्ट्‌झपर्यंत उतरते. इतक्या खालच्या स्वरासाठी तार लांब आणि जाड लागते, आणि ती मोठ्या पल्ल्याने कंप पावत असल्यामुळे फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) वर तिला मोकळी जागाही जास्त द्यावी लागते. नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवरच्या तारांच्या आधारापर्यंत, ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर, ही लांबी लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसपासून रूढ झाली. त्याआधी १९३० च्या दशकात सिएटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी फ्रेट असलेला, आडवा धरून वाजवायचा विद्युत बेस बनवला होता, पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. नेहमीच्या जाडीच्या चार तारा सुरात लावल्या की नेकवर सुमारे ७५ किलोंचा ताण रात्रंदिवस राहतो, आणि एवढ्या लांब लाकडी दांड्याला तो पेलावा लागत असल्यामुळे बेसची बहुतेक दुखणी नेकपासून सुरू होतात.

दुरुस्तीच्या कामाला नाव मिळू लागल्यावर लोक खरेदीच्या आधीच सल्ला विचारू लागले, आणि आमच्या व्यवसायाची दुसरी शाखा कोणतीही जाहिरात न करता उघडली. विचारणारा बहुतेक वेळा लाकूड आणि कंपनीचे नाव यांपासून सुरुवात करतो. आम्ही त्याला आधी उभे राहून, पट्टा खांद्यावर घेऊन, वाद्यावरचे दोन्ही हात सोडायला सांगतो. नेक जमिनीकडे झुकू लागला, तर त्या बेसवर डाव्या हाताला स्वर दाबण्याबरोबर नेक सावरण्याचेही काम कायम करावे लागणार, हे त्याला तिथेच कळते. वजन चार किलोंच्या आसपास असेल तर उत्तम. साडेचारच्या पुढे गेले की लांबलेल्या कार्यक्रमात खांदा तक्रार करतोच. एखादा बेस मनापासून आवडला असेल आणि दोष फक्त झुकण्याचाच असेल, तर हलक्या खुंट्या बसवून तो बराच कमी करता येतो, कारण खुंट्या नेकच्या टोकाला असल्यामुळे तेथे कमी झालेल्या थोड्याशा वजनाचाही तोलावर मोठा परिणाम होतो.

यानंतर प्रश्न येतो हाताच्या मापाचा. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरते, तर ३० इंची बेसवर ते साडेअकरा सेंटिमीटरच्या जवळ येते. ज्याचा हात लहान आहे किंवा मनगट दुखावलेले आहे, त्याच्यासाठी हा दीड सेंटिमीटर निर्णायक ठरतो. आखूड बेस म्हणजे शिकाऊ वाद्य, हा समज आम्हाला मुळीच मान्य नाही. त्याच्या तारा सैल असतात, आवाज गोल आणि काहीसा बोथट येतो, आणि कित्येक मुरलेल्या वादकांना नेमका तोच आवाज हवा असतो. उलट पाच तारांच्या बेसची लांबी ३४ वरून ३५ इंच केली की त्याच तारेचा, त्याच स्वराला, ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो आणि बी तार अधिक स्पष्ट बोलते. त्याची किंमत डाव्या हाताच्या वाढलेल्या पल्ल्यात मोजावी लागते. बी तार तुमच्या गाण्यांमध्ये खरोखर वाजते का, हा आमचा प्रश्न अनेकांना आवडत नाही, तरी आम्ही तो विचारतो.

विकत घेण्यापूर्वी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी, असेही आम्ही आग्रहाने सांगतो. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या अनेक बेसवर सर्वांत बारीक, म्हणजे ‘जी’, तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा लवकर विझतो. तेथे फ्रेटचा दोष नसतो. नेकची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या त्या स्वराशी जुळते आणि तारेची ऊर्जा नेक शोषून घेतो. नेकच्या टोकाचे वजन वाढवले किंवा घटवले की ही मृत जागा एखाद्या फ्रेटने सरकते, पण समूळ जात नाही, म्हणून ती दूर करण्याचे आश्वासन आम्ही कोणालाही देत नाही.

आमच्या कामाचा खरा कणा मात्र सेटअप, म्हणजे वाद्याची बारकाईने केलेली जुळणी, हाच राहिला आहे. ‘बेस बदलायचा आहे’ म्हणून आलेल्यांपैकी मोठा वर्ग सेटअप झाल्यावर तोच बेस घेऊन घरी जातो, आणि त्यात आमची विक्री बुडत असली तरी कार्यशाळा चालते ती याच लोकांच्या विश्वासावर. कामाचा क्रम आम्ही कधीही मोडत नाही. जो संच पुढे वाजवायचा आहे तोच चढवून, ज्या सुरांत वाजवायचा आहे त्याच सुरांत लावून, मग नेकचा बाक मोजायचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर तार दाबून धरली की सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली सुमारे ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. ती जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवायचा नाही. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पुन्हा सूर लावून लाकडाला सावरायला वेळ द्यावा लागतो. काही जुन्या रचनेच्या बेसवर या रॉडचे टोक बॉडीच्या बाजूला असते आणि त्यासाठी नेक सैल करावा लागतो. त्या दिवशी दुसरे काम हाती घेऊ नये, हे बरे.

बाक बसला की मगच ब्रिजवरच्या सॅडलना (प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या लहान बैठकांना) हात लावायचा. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ आणि ‘जी’ तारेखाली सुमारे २ मिलिमीटर ही आमची सुरुवातीची मापे. पुढचे वादकाच्या हातावर अवलंबून असते, कारण बोटांनी हळुवार वाजवणाऱ्याला जी उंची जास्त वाटते, तीच पिकने जोरात वाजवणाऱ्याला खरखरीमुळे कमी पडते. त्यानंतर पिकअपची उंची पाहायची. पिकअपचे चुंबक जाड तारेला खेचतात आणि ते फार जवळ आले तर स्वर डळमळू लागतो, मग कितीही वेळा सूर लावा. सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तेथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळवायचे: दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे घ्यायचे, उतरता लागला तर पुढे. जुन्या, मळलेल्या तारांवर ही जुळणी होत नाही, कारण तारेच्या लांबीभर तिची जाडी आणि वजन सारखे उरलेले नसते.

तारांची निवड हा तर आमच्या टेबलावरचा सर्वांत लांबणारा विषय आहे. १९६० च्या दशकात गोल वळणाच्या (गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या) तारा प्रचारात आल्या आणि बेसचा आवाज पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा झळकू लागला. त्याआधी सपाट वळणाच्या (गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारांचा मऊ, ठोस आवाजच सगळीकडे होता. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतील बेसवादक जेम्स जेमरसन यांनी १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड, सपाट तारा वापरल्या आणि तुटेपर्यंत त्या बदलल्या नाहीत, ही गोष्ट बेसवादकांत सर्वश्रुत आहे. नव्या तारांची झळाळी ज्याला हवी, त्याने ही रीत उचलू नये. सपाट तारांचा भक्त असेल, त्याने अवश्य उचलावी. सपाट तारा त्याच जाडीच्या गोल तारांपेक्षा बहुधा अधिक ताणाच्या असतात, त्यामुळे तो बदल केल्यावर नेकचा बाक वाढतो आणि सेटअप पुन्हा करावा लागतो. तार कापताना खुंटीपुढे दहा-बारा सेंटिमीटर ठेवून, आधी काटकोनात वाकवून आणि मगच कापावी, नाहीतर काही तारांचे वरचे वेटोळे गाभ्यावरून सुटते आणि नवी कोरी तार मुकी होते.

इलेक्ट्रॉनिक बदलांची मागणी पुढे वाढत गेली. आलेला माणूस बहुधा नवे पिकअप किंवा बॅटरीवर चालणारा प्रीअँप (पिकअपचा संकेत वाढवणारे मंडल) मागतो. १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बेसने असा प्रीअँप सर्वदूर पोहोचवला आणि तेव्हापासून त्याला आधुनिकतेची खूण मानले जाते. आम्ही आधी केबल, जॅक आणि झिजलेले पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या बटणांखालचे भाग) तपासतो. २५० किलोओहमचे चांगले पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बदलल्यावर कित्येकांची प्रीअँपची इच्छा मावळते. गुणगुण ही दुसरी नेहमीची तक्रार. १९५७ पासूनच्या प्रिसिजनमधील दोन तुकड्यांचा पिकअप ती स्वतःच रद्द करतो, कारण त्याच्या दोन अर्ध्या भागांची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा परस्परविरुद्ध असते; फेंडरच्याच दोन पिकअपांच्या जॅझ बेसच्या बाबतीत हे फक्त दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर असतानाच घडते. एक पिकअप कमी केला की गुणगुण परत येणारच. तेव्हा पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगला जोडली की फरक पडतो, पण संपूर्ण शांतता हवी असेल तर पिकअपच दुहेरी गुंडाळीचे घ्यावे लागतात. काढलेला प्रत्येक मूळ भाग आम्ही पाकिटात घालून मालकाला परत देतो, आणि जुन्या वाद्याच्या बॉडीत नवी पोकळी कोरण्याचे काम स्वीकारत नाही.

फ्रेट काढून बेस फ्रेटलेस करण्याचे काम मात्र आम्ही आनंदाने घेतो. फ्रेटलेस बेसचे प्रसिद्ध वादक जॅको पॅस्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून फिंगरबोर्डवर (नेकवरच्या, बोटे टेकतात त्या फळीवर) इपॉक्सीचा कठीण थर दिला, तो गोल तारांनी लाकूड खरवडले जाऊ नये म्हणून. फ्रेट उपटताना लाकडाचे कपचे निघू नयेत यासाठी ते सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवून सावकाश उचलावे लागतात, आणि मग खाचांमध्ये पातळ लाकडी पट्ट्या भरून फिंगरबोर्ड पुन्हा सपाट करावा लागतो. फ्रेटलेसचा तो गुंजणारा, फुलत जाणारा स्वर तार फिंगरबोर्डला अगदी निसटती टेकत कंप पावते म्हणून येतो; तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला हे काम लगेच ओळखीचे वाटेल. म्हणून येथे तारांची उंची मापाने कमी आणि कानाने जास्त ठरते.

स्वतःचे बेस घडवायला आम्ही बऱ्याच उशिरा लागलो, आणि तेही थोडेच. २०१७ च्या आरंभी फिंगरबोर्डसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोझवूडच्या संपूर्ण वर्गावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा सीमेपलीकडे पाठवायच्या प्रत्येक वाद्यासाठी कागदपत्रे लागू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना आणि त्यांच्या भागांना सूट मिळाली, तरी ब्राझिलियन रोझवूडवरचे अधिक कडक निर्बंध कायम राहिले. दरम्यानच्या काळात आम्ही भाजलेल्या मेपलचे फिंगरबोर्ड वापरून पाहिले आणि पुढे तेच ठेवले. भाजण्याने लाकूड हवेतील ओलाव्याला कमी बळी पडते, आणि आमच्याकडे परत येणाऱ्या नेकच्या तक्रारींवरून ते पटले.

देखभालीसाठी आता प्रत्येक बेसची एक नोंदपत्रिका असते: तारांचा संच, बाक, उंची, सॅडलच्या जागा आणि ऋतू. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली की लाकूड शांत असते, म्हणून बेस भिंतीलगत किंवा गाडीत न ठेवता पेटीत ठेवावा, असे आम्ही सांगतो. लाखेचा थर नसलेल्या गडद फिंगरबोर्डला वर्षातून एक-दोनदा तेलाचा हलका हात पुरतो. लाखेच्या मेपलला तेल लावूच नये. बॅटरीच्या बेसमध्ये जॅक हाच स्विच असतो, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढली नाही तर बॅटरी रात्रभर झिजते. आवाज जोरात वाजवताना फाटू लागला, तर प्रीअँप बिघडला असे समजण्यापूर्वी बॅटरी बदलून पाहावी.

नव्या बेसच्या मागणीपत्रकातही सेटअपचाच क्रम आम्ही आता उतरवला आहे. पहिला रकाना लाकडाचा किंवा रंगाचा नसून तारांच्या संचाचा आणि वापरायच्या सुरांचा आहे, कारण नटच्या खाचा त्या जाडीनुसारच कोरल्या जातात. ज्याचा संच अजून ठरलेला नाही, त्याला आम्ही दोन-तीन संच तयार बेसवर वाजवून पाहायला देतो आणि पत्रक त्यानंतरच भरून घेतो.